आधी गाडी मारावी लागते

शाळेची जुनी बस घेऊन आम्ही तिचं राहायचं घर केलं, त्याची ही गोष्ट. बस घेतली १४ सप्टेंबर २०१८ ला, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिच्यात पहिल्यांदा झोपलो २१ फेब्रुवारी २०२० ला, महाशिवरात्रीला. मधे सतरा महिने. त्यातले पहिले साडेसहा महिने आम्ही बसचा एक स्क्रूसुद्धा काढला नव्हता, नुसते कागद गोळा करत होतो. लाकूडकाम, सोलर, रंग हे सगळं कुठे ना कुठे बघायला मिळतं, कागदाचंच कोणी नीट सांगत नाही, म्हणून ते जरा पाल्हाळ लावून लिहितेय. कंटाळा आला तर सरळ खाली 'ट्रेलर' लिहिलंय तिथे उडी मारा.

सुरुवात अशी झाली की वाईच्या पलीकडे मामाची शेती आहे, त्यात ओढ्याकडेला पाच-सहा गुंठ्यांचा एक मुरमाड तुकडा, तिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही. मामा दरवेळी म्हणायचा, दोन खोल्या बांधा आन् येत जावा शनवार-रैवार. कॉन्ट्रॅक्टरने नऊ लाख सांगितले. विषय संपला. त्याच जूनमध्ये मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले तर बोर्डावर कागद लावलेला, दोन जुन्या बस आहे त्या स्थितीत भंगारात विकणे आहे. रात्री नवऱ्याला गंमत म्हणून सांगितलं, तो हसला, आणि मग यूट्यूब उघडून बसला, तिथून सगळं बिघडलं.

यूट्यूबवर जे दिसतं ते अमेरिकेतलं. तिकडे अशा घराला स्कूली म्हणतात, बस मोठ्या, ३५-४० फुटी सुद्धा असतात, आत माणूस ताठ उभा राहतो. आमची टाटा ७०९, २००३ ची. ड्रायव्हरच्या मागच्या दांड्यापासून मागच्या काचेपर्यंत १८ फूट, आतली रुंदी पावणेसात फूट आणि उंची मधोमध सहा फूट. नवरा पाच फूट अकरा. म्हणजे जमीन एक इंच वर आली की डोकं टेकलं. हे गणित आम्ही पैसे भरल्यावर केलं, तुम्ही आधी करा. आणि सीटवर बसून नाही, सीटच्या मधल्या वाटेत चपला काढून उभं राहून मोजा.

शाळेने वजनावर विकली. वजनकाट्यावर ३,६४० किलो भरली, किलोला २३ रुपये, ८३,७२० झाले. मी विचार करत होते की टीव्ही घेताना आपण इंच बघतो, घर घेताना स्क्वेअर फूट, आणि मी घर किलोवर घेतलं.

आमच्या डोक्यात तेव्हा ही बस चालणार होती, कोकणात वगैरे घेऊन जाऊ, समुद्राकडे तोंड करून उभी करू. शाळेच्या ओळखीने एक आरटीओ एजंट मिळाले, त्यांनी आरसी बुक उलटसुलट बघितलं, चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला. "मॅडम, चालती ठेवायचीय का उभी ठेवायचीय? ते आधी ठरवा. चालती ठेवायची असेल तर माझी फी वाचवा आणि घरी जा."

कारणं अशी. बसचं पासिंग २०१६ लाच संपलेलं, तेव्हापासून ती मैदानात उभी. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरसीवर जे तपशील आहेत आणि कंपनीने गाडी जशी बनवली त्यापेक्षा वेगळी गाडी तुम्ही मनाने करू शकत नाही. आम्ही हे ऐकून घेतलं आणि तरी दुसऱ्या एजंटला विचारायला गेलो, होतंय का काही. तेवढ्यात जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचाच या कलमावर निकाल आला, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत म्हणून, मग दुसऱ्या एजंटनेही हात वर केले. चालत्या घरासाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, मंजुरी घेतलेल्या बॉडी बिल्डरकडून रीतसर गाडी बनवून घेता येते, पण ते नवीन चासीवर (म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) आणि आमच्या बजेटच्या चौपट. पंधरा वर्षांच्या शाळेच्या बसला कोणी दारात उभं करेना.

तर उभी ठेवायची. पण नुसती शेतात नेऊन उभी केली तर कागदावर ती गाडीच राहते. टॅक्स चढत राहतो, पर्यावरण कर चढत राहतो, आणि उद्या तिची नंबर प्लेट काढून कोणी दुसऱ्या गाडीला लावली तर पोलीस शाळेच्या ट्रस्टींच्या दारात. शाळेची पहिली अट हीच होती की रजिस्ट्रेशन रद्द झाल्याशिवाय बस गेटबाहेर जाणार नाही. एजंट म्हणाले, "आधी गाडी मारावी लागते. मग तुम्ही तिचं घर करा, कोंबड्यांचं खुराडं करा, आरटीओला घेणं नाही." कायद्यात हे कलम ५५ आहे, गाडी कायमची निकामी झाली की मालकाने आरसी जोडून कळवायचं. मालक म्हणजे शाळा, मी नव्हे. त्यामुळे प्रत्येक अर्जावर ट्रस्टींची सही, शाळेचा शिक्का, आणि ठरावाची प्रत. ट्रस्टी महिन्यातून दोनदा शाळेत यायचे, मी त्यांच्या वेळा शिपाईमामांकडून फोन करून घ्यायचे. शिपाईमामांना दिवाळीला फराळ नेला होता, ती या सगळ्यातली सगळ्यात फायद्याची गुंतवणूक.

कागद काय काय लागले: आरसी, टॅक्स भरल्याच्या पावत्या, पर्यावरण कर, परमिट सरेंडर केल्याचं पत्र, दंड बाकी नसल्याचं, गाडी चोरीची नाही असा पोलिसांकडचा कागद, शाळेचा ठराव, आणि बोजा उतरवल्याचं बँकेचं पत्र. शेवटच्याने जीव घेतला. २००३ ला बस कर्जावर घेतली होती, कर्ज २००८ ला फिटलं, पण आरसीवरून बँकेचं नाव कोणी काढलंच नव्हतं. मधल्या काळात ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, शाखा हलली, आणि नवीन शाखेत जुनं खातं सापडेना. दोन फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का आणि एक एनओसी, एवढंच हवं होतं. पाच आठवडे गेले. शेवटी शाळेच्या क्लार्कबाईंनी माळ्यावरून २००८ चं कर्जफेडीचं पत्र शोधून काढलं, उंदराने एक कोपरा खाल्लेला, पण खाते क्रमांक शाबूत होता. जुनी गाडी बघायला गेलात की इंजिन बघण्याआधी आरसीवर बोजा आहे का ते बघा, इंजिन तर तुम्ही विकूनच टाकणार आहात.

मी नोकरी करते, त्यामुळे आरटीओत जायचं म्हणजे हाफ डे. एकूण अकरा हाफ डे गेले, मोजलेत. साहेब मीटिंगला, सर्व्हर डाऊन, फाइल दुसऱ्या टेबलावर, हे सगळं झालं, पण कोणी वाईट वागलं असंही नाही. एका टेबलावरच्या मॅडमनी उलट सगळे कागद परत लावून दिले आणि म्हणाल्या, घर झाल्यावर फोटो दाखवा. (दाखवले.)

आणि मग मार्च २०१९. दहा तारखेला लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि चार-पाच दिवसांत शाळेला पत्र आलं, निवडणुकीच्या कामासाठी वाहने अधिग्रहित करण्यात येत आहेत, चालकासह हजर ठेवावीत. यादीत आमची बस. टायरमध्ये हवा नाही, बॅटरी नाही, आत कबुतरं. एका टेबलावर ती मेलीय की नाही यावर फाइल अडकलेली आणि दुसऱ्या टेबलावरून तिला इलेक्शन ड्युटी. नवऱ्याने ते पत्र लॅमिनेट केलंय, सध्या आमच्या दारामागे लावलेलं आहे.

इन्स्पेक्शन त्याआधी, ११ फेब्रुवारीला झालं होतं. मोटार वाहन निरीक्षक शाळेत आले, फोटो काढले, इंजिन नंबर-चासी नंबर ताडून बघितले. मग चासीवर जिथे नंबर ठोकलेला असतो तेवढा तुकडा ग्राइंडरने कापायचा आणि कापलेला तुकडा आरटीओत जमा करायचा. हातभर लोखंड. कापताना ठिणग्या उडाल्या तेव्हा मैदानात खो-खोची प्रॅक्टिस चालली होती, सगळी पोरं येऊन उभी राहिली आणि एक मुलगी म्हणाली, "काकू, तिला दुखत असेल का?" मी काही बोलले नाही. रद्द झाल्याचं पत्र २७ मार्चला हातात आलं. थकबाकी, फी, एजंटचे सहा हजार आणि माझे रिक्षाभाडे धरून २७ हजार या प्रकरणात गेले, अडीच लाखांच्या आमच्या बजेटमध्ये यासाठी शून्य धरले होते.

एक महत्त्वाचं. हे सगळं २०१८-१९ चं आहे. २०२१ ला केंद्राचे स्क्रॅपिंगचे नवीन नियम आलेत, गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यायची आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्यायचं अशी ती पद्धत आहे. तिथे गेलेली बॉडी परत कशी मिळणार? त्यामुळे आता कोणी करणार असेल तर पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारा, "बॉडी ठेवायची आहे" हे शब्द वापरून.

ट्रेलर.

६ एप्रिलला पाडवा होता, त्यामुळे ७ तारखेला, रविवारी हलवली. पुण्यातून वाईपर्यंत लो-बेड ट्रेलर १६ हजार, दोन्ही टोकांना चढवा-उतरवायला हायड्रा क्रेन साडेतीन-साडेतीन हजार. हायवेवर काही त्रास नाही, रात्री अकराला निघून पहाटे वाई सोडली. गावाच्या फाट्यावर आलो आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली. समोर रस्त्यावरून विजेच्या तारा गेलेल्या, झोळ पडलेल्या. बस सव्वानऊ फूट, ट्रेलर तीन फूट, वर आमच्या शाळेचं लोखंडी कॅरिअर जे काढून टाकायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मी आठ दिवस आधी त्या रस्त्याने जाऊन रुंदी मोजून आले होते, ओढ्यावरचा मोरीपूल मोजला, वळण मोजलं, वर बघितलंच नाही! मामाने वायरमनला उठवलं, तो बनियनवर आला, तारांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, "ह्यात राहनार?" एवढंच विचारलं आणि सप्लाय बंद करायला गेला. वीस मिनिटं अख्खी वस्ती अंधारात, पहाटे पाणी भरायची वेळ, मोटारी बंद. तेवढ्यात दोघं कॅरिअरवर चढून ग्राइंडर नाही म्हणून हॅक्सॉने ते कापत होते. कॅरिअर काढल्यावर बस दीड वितीच्या फरकाने खालून गेली. पुढचे तीनशे मीटर कच्चा रस्ता, ट्रेलर येईना, मग हायड्राने खाली घेतली, टायरमध्ये हवा भरली आणि मामाच्या ट्रॅक्टरने ओढली. मामीने दारात आलेल्या बसवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, गाडी म्हणून की घर म्हणून, मी विचारलं नाही.

इंजिन, गिअरबॉक्स, टायर आणि डिझेल टाकी साताऱ्याच्या एकाने ४१ हजारांना नेली. बसला आम्ही आठ काँक्रीटच्या खांबांवर बसवलं, पाट्यांवरचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांवरचा, भार काढून थेट चासीखाली. वेल्डर म्हणाले, "ताई, पाटे ठेवले तर घरात माणूस कूस बदलला की घर हलेल." लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरली, चारी कोपरे मिळवायला दीड दिवस गेला, पण नंतर कपाटाची दारं आपोआप उघडत नाहीत ती त्यामुळे.

सीटचे बोल्ट सगळे गंजलेले. पान्ह्याने बारा निघाले, बाकी कापले. कापताना गॉगल आणि मास्क लावाच, मला एकदा डोळ्यात कण गेला तर वाईला डॉक्टरकडे जाऊन काढावा लागला. सीटखाली सापडलेलं: २३ पेन्सिली, दोन टिफिनचे चमचे, चिंचोके बेहिशोबी, आणि एक दातांची कवळी. शाळेच्या बसमध्ये कवळी कोणाची, आजतागायत कळलेलं नाही.

सीट काढल्यावर जमिनीचा पत्रा दिसला आणि पोटात गोळा आला. दारापाशी आणि मागच्या चाकांवर पत्रा बोटाने मोडत होता, पोरं पावसाची ओली दप्तरं आणि पाय घेऊन चढणार, तेरा वर्षं. सडलेलं सगळं कापून काढलं, खाली चौकोनी पाइप नवे टाकले, पत्रा नवा, मग वायर ब्रश, मग एपॉक्सी प्रायमर. वेल्डर २२ दिवस, रोजचे ९०० रुपये, वर लोखंड १७ हजारांचं. इथे घाई करू नका. गंजावर नुसता रेड ऑक्साइड फासून वर प्लाय मारणारे मी बघितलेत, दोन पावसाळ्यांत खालून फुगतं.

पिवळा रंग मात्र जाता जात नव्हता. अमेरिकेत १९३९ ला न्यूयॉर्कला परिषद भरवून शाळेच्या बससाठी एक पिवळा ठरवला होता, फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी भरवली होती ती, पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं वाचता येतात म्हणून. आपल्याकडच्या बसही पिवळ्याच. सगळीकडून घासून लांबी (पुट्टी) भरून मातकट हिरवा मारला, पण दाराच्या आतल्या बाजूचा पिवळा ठेवलाय, नवऱ्याचं म्हणणं होतं घासायचा कंटाळा आला म्हणून, माझं म्हणणं वेगळं.

मग पाऊस. २०१९ चा पाऊस आठवतोय ना, जून जवळजवळ कोरडा आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली. आमच्या ओढ्याला पूर आला, बस खांबांवर होती म्हणून वाचली, पण वरून गळायला लागली. छताच्या रिवेटमधून. एकेक रिवेट शोधून सिलिकॉन मारलं, पुढच्या पावसात शेजारचा रिवेट. सिलिकॉनवर मग रंगही धरत नाही हे नंतर कळलं, पॉलीयुरेथेनचं सीलंट घ्यायला हवं होतं, महाग असतं पण रंग धरतं आणि पत्रा उन्हात ताणला-आखडला तरी सुटत नाही. तीन महिने काम बंद. ऑक्टोबर संपला, दिवाळी झाली तरी पाऊस जाईना. नोव्हेंबरात एका शनिवारी गेलो तर नवीन टाकलेला प्लाय काळा पडलेला, वास येतोय, नवरा बाहेर दगडावर जाऊन बसला आणि म्हणाला विकून टाकू. भंगाराचा भाव काय चाललाय असंही मी त्या रात्री बघितलं होतं. २१ रुपये. दोन रुपये तोटा, आणि वर सगळा खर्च.

उपाय मामीने सांगितला, सहज, भाकरी थापता थापता. "गोठ्यावर घातलंय तसं शेड घाल की तिच्यावर." आम्ही वर्षभर अमेरिकन व्हिडिओ बघत होतो, त्यांच्या बस चालत्या म्हणून त्यांना शेड घालता येत नाही. आमची तर मेलेली होती! लोखंडी खांब आणि पत्रा, बसच्या टपापासून दीड फूट वर, चारी बाजूंनी तीन फूट बाहेर. ५८ हजार. गळती संपली. आणि दुसरा मोठा प्रश्नही सुटला, तो उकाड्याचा. उन्हाळ्यात टपाला हात लावता येत नव्हता, आतून फोम लावायचा तर नवऱ्याची उंची आडवी येत होती. शेडमुळे ऊन टपावर पडतच नाही, मधून वारा वाहतो. आतून छताला १० मिलीमीटर नाइट्रिल रबरची शीट चिकटवली, एसीच्या डक्टला लावतात ती, आणि भिंतींना जिथे जागा होती तिथे दीड इंच थर्माकोल, एकूण २१ हजार. नवऱ्याच्या डोक्यावर आता बोटभर जागा उरते. पायात स्लीपर असेल तर नाही.

लाकूडकामाबद्दल फार सांगत नाही, ते सुतारकाकांचं श्रेय. वाईत एक जुना वाडा पाडला होता, तिथलं सागवान घनफुटावर मिळालं, खिळे उपसता उपसता दोन रंध्याची पाती गेली पण लाकूड असं की अजून वास येतो. प्लाय घेताना आयएस ७१० शिक्का असलेला मरीन घ्या, दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून दुसरा ३०३ वाला दाखवतो, घरात ठीक आहे, इथे नको. बसमध्ये एकही भिंत सरळ नसते, सगळं वर जाताना आत झुकलेलं, काकांनी पहिल्या दिवशी काटकोन बघायचा गुण्या लावून बघितला आणि खिशात ठेवून दिला, मग पुठ्ठा कापून साचे करत गेले. त्यांचे ३१ दिवस. मागे आडवा पलंग, खाली कप्पे, डावीकडे ओटा, उजवीकडे दोन सीट आम्ही मुद्दाम ठेवल्या, समोरासमोर वळवून मधे फळी टाकली, तेच जेवायचं टेबल. खिडक्या एका बाजूच्या तीन पत्रा मारून बंद केल्या, नाहीतर कपाट लावायला भिंतच राहत नाही.

लाइटचं: ३३० वॅटची दोन पॅनल शेडवर, १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, इन्व्हर्टर, सगळं ६८ हजार. चांगल्या उन्हात दिवसाला अडीच युनिट मिळतात. बॅटऱ्यांत साडेतीन युनिट मावतात पण अर्ध्याच्या खाली नेऊ नका, लवकर जातात. त्यात कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे, दिवे, लॅपटॉप, मोबाइल आरामात. फ्रिज नाही. मिक्सर दुपारीच लावायचा. पावसाळ्यात चार दिवस सूर्य नसला की मामाकडून वायर. गॅसचा ५ किलोचा सिलेंडर बाहेर जाळीच्या पेटीत ठेवलाय, आणि ओट्याखाली जमिनीलगत जाळी ठेवलीय कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. बंद बसमध्ये हा विषय अंगावर काढू नका. संडास बाहेर, दोन खड्ड्यांचा, एक भरला की दुसरा चालू करायचा, ३४ हजार. यूट्यूबवर लोक बसच्या आत संडास करतात, मला पावणेसात फूट रुंदीत ते झेपलं नसतं, सॉरी.

एकूण ४ लाख ५४ हजार, इंजिनचे ४१ वजा करून. अडीच लाखांत होईल म्हणालो होतो. कोणी सांगत असेल की दोन लाखांत होतं तर त्याला शेड, संडास आणि आरटीओ धरलंय का विचारा.

महाशिवरात्रीला साबुदाणा खिचडी केली, मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर बसून खात होती, स्टिअरिंग तिच्या हट्टासाठी ठेवलंय. रात्री झोप लागली नाही, शांततेमुळे नाही, पत्रा थंड होताना टक् टक् वाजतो. आता सवय झाली. पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं आणि आम्ही तिघं १२० स्क्वेअर फुटांत अडकलो, ती गोष्ट परत कधीतरी, त्यात आम्ही तिघंही चांगले दिसत नाही.

राहता राहिलं ग्रामपंचायत. शेतजमिनीवर काही कायमचं ठेवायचं तर आधी तलाठ्याकडे आणि तहसीलला विचारून घ्या, शेतघराचे नियम वेगळे आहेत, क्षेत्राची अट आहे, आणि जमीन शेतकऱ्याच्याच नावावर असावी लागते. आमची मामाच्या सातबाऱ्यावर, त्याच्याच नावाने सगळं केलं. पण वीज घ्यायची म्हटल्यावर घराचा उतारा लागतो, नमुना ८, आणि बसचा उतारा कसा निघणार? ग्रामसेवक भाऊसाहेब नोव्हेंबर २०२१ ला टेप घेऊन आले. आधी म्हणाले गाडीला घरपट्टी लागत नाही. मी फाइल काढली, २७ मार्चचं पत्र दाखवलं, गाडी नाहीये ही, मेलीय. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मोजायला लागले. लांबी, रुंदी. छप्पर पत्रा. भिंत पत्रा. जमीन लाकडी. दाराच्या आतला पिवळा रंग बघून हसले.

"बांधकामाचं वर्ष?"

"२०२०," मी म्हटलं.

त्यांनी ओट्यावरची पितळी पट्टी वाचली, बॉडी बनवणाऱ्याची, आम्ही ती पॉलिश करून तशीच ठेवलीय. "२००३ म्हणतंय की हे."

"ते गाडीचं वर्ष, भाऊसाहेब."

"आवो ताई, जुन्या बांधकामाला घसारा मिळतो, पट्टी कमी बसंल."

मामा मागून म्हणाला, लिव्हा २००३. लिहिलं.